अर्ध्या समुद्रातला राजा

सत्यशीलाबाईंना एक मोठी गोष्ट येत होती आणि ती ऐकायला आता घरात कोणी उरलं नव्हतं.

गोष्ट मलय होती, तिकडच्या एका जुन्या राजाची. पती दिगंबर मलेशियात रबराच्या कारखान्यात होते, तेव्हा शेजारच्या म्हातारीने ती संध्याकाळी ओट्यावर बसून सांगितली होती. वर बजावलं होतं, ‘सुरू केलीस तर पुरी कर, नाहीतर राजा समुद्रातच राहील.’ कसबा पेठेत परतल्यावर सत्यशीलाबाई दर श्रावणात ती मराठीत सांगत. दिगंबर भाजी निवडता निवडता प्रत्येक वाक्याला ‘हं’ म्हणत. हुंकाराशिवाय गोष्ट पुढे कशी सरकणार? गेल्या मार्गशीर्षात दिगंबर गेले.

यंदा श्रावणातल्या शुक्रवारी वरच्या मजल्यावरच्या हेमाकडे बायका जमल्या. कहाणी वाचणारी आली नाही. “काकू, तुम्हीच सांगा ना एखादी,” हेमा म्हणाली. कोपऱ्यातल्या खुर्चीवरून सत्यशीलाबाईंनी राजाचीच सुरू केली. बायकांनी सवयीने चिमूटभर अक्षता मुठीत धरल्या.

“राजाच्या जहाजांवर गरुड चालून आला. पंखांचं वादळ, वरून दगड.”

“गरुड? विष्णूचा?”

“तोच. तिकडे तो असा आहे.”

“अहो, तो कशाला जहाजं बुडवेल? त्याला दुसरी कामं नाहीत का?” पूर्णिमा म्हणाली. सगळ्या हसल्या. “आणि राजाचं व्रत कोणतं?”

“व्रत नाही.”

“मग फळ?”

“जहाज फुटतं. राजा किनाऱ्याला लागतो, नवं राज्य वसवतो. पण त्याला अजून वेळ आहे.”

“राज्य मिळालं ना? झालं तर,” हेमा म्हणाली. “त्याला मिळालं तसं आपल्यालाही काहीतरी मिळो.” अक्षता ताम्हनात पडल्या. दूध आणि फुटाणे फिरले. सत्यशीलाबाईंच्या हातातही पेला आला. राजा फुटक्या फळीला धरून राहिला.

मुलगा सुदर्शन खराडीला राहायचा. त्या रात्री फोनवर म्हणाला, “आई, रेकॉर्ड करून पाठव ना. ऑफिसला जाताना ऐकतो, दीडपट स्पीडवर.”

दुसऱ्या दुपारी त्यांनी फोन लोणच्याच्या बरणीला टेकवून उभा केला. एक वाक्य म्हणायचं, थांबायचं. पंख्याचा आवाज. मग पुढचं वाक्य. चहाच्या वेळेला राजा किनाऱ्याला लागला.

मंगळवारी सुदर्शनचा फोन आला.

“मस्त आहे गं! फक्त मध्ये मध्ये लांब गॅप होते. आठवत नव्हतं का तुला? मी ॲपने सगळे काढून टाकले. आता कसं सलग चालतं.”

“आठवत होतं रे.”

“मग?”

“काही नाही. राजा लागला का किनाऱ्याला?”

“तिथवर नाही पोचलो अजून. गरुड आला आणि नेमका ऑफिसचा कॉल आला. बघतो या आठवड्यात. जेवतेस ना वेळेवर?”

“हं.”

“गोळ्या?”

“हं.”

“चल, ठेवतो मग.”

फोनचा पडदा काळा झाला.

“राजानं फळी सोडली नाही,” सत्यशीलाबाई मोठ्याने म्हणाल्या, सवयीने थोडं थांबल्या आणि कुकर लावायला उठल्या.