अखाजीची लेक

सुंदरामायच्या तोंडाला लागायची गोडादऱ्याच्या कामगार वस्तीत कुणाची टाप नव्हती. लागणार तरी कोण? आणीबाणीत लूम कामगारांच्या संपाची पत्रकं वाटली म्हणून पोलिसांनी नवरा-बायको दोघांनाही उचललं, तेव्हा तिची तान्ही लेक झोळीत झोपलेली होती. शेजारणीने काही दिवस सांभाळली. मग झोपड्या पाडल्या, शेजारीण परागंदा झाली आणि पोर कुठल्याशा अनाथाश्रमात गेली म्हणे. मेल्यांनी आईबापाचं नावसुद्धा टिपून ठेवलं नाही! माय तुरुंगातून सुटली ती रिकाम्या ओटीने. नवरा राघो त्या धसक्यातून उठलाच नाही.

मग तिने आश्रम पालथे घातले, पार बडोद्यापर्यंत. जिथे गेली तिथे भांडली. म्हातारपणी कडोदऱ्याच्या एका साडी कारखान्यात नूतन भेटली. आश्रमात वाढलेली, वय जुळणारं, आणि नाक तर थेट राघोचं! सगळ्या गल्लीने पेढे खाल्ले. तेव्हापासून दर अखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, नूतन माहेरपणाला येई आणि माय खापरावर पुरणपोळ्या भाजी. खानदेशी घरात अखाजीला लेक आली नाही, तर तो सण कसला?

पण भाऊबंदांना बघवेना. "कुठली कोण, लेक म्हणून आणून बसवली," म्हणत. माय पेटली. आणीबाणीत ताटातूट झालेल्यांची नाती एक संस्था थुंकी तपासून जुळवून देते, असं तिला कळलं. नूतन नको नको म्हणत होती. "असू दे ना माय, आपलं बरं चाललंय."

"एकदाची त्यांची तोंडं बंद होऊ देत," म्हणून मायने हट्टाने दोघींची थुंकी दिली.

ऐन अखाजीला, नूतन जेवायला बसलेली असताना, संस्थेच्या वर्षाताईंचा फोन आला. त्या बिचाऱ्या चाचरत बोलल्या. दोघींचं रक्ताचं काहीच नातं नव्हतं.

नूतनने हातातला घास ताटात ठेवला. "जाऊ का मी?"

"जेव गुमान."

मायने पोळीवर तुपाची धार धरली आणि तिचा हात तसाच थांबला. तूप ताटाबाहेर सांडलं.

"तू भेटनी," ती म्हणाली, "आन मी तिले धुंडनं सोडी दिधं."

इतकी वर्षं! पोटची पोर कुठेतरी बिनमाहेराची जगत होती, आणि आई घरी समाधानाने सण करत होती.

नूतन तिला जवळ घ्यायला सरकली. मायने तिचा हात झिडकारला.