पातळाचा चौकोन

चिखलीच्या बाजारपेठेत लग्नपत्रिका आणि फोटो सजवून देण्याचं एक दुकान होतं. तिथे मी कॉम्प्युटरवर बसायचे. फोटोमागे पसरणारी नक्षी करण्यात माझा हात धरणारं तालुक्यात कोणी नाही, असं निदान मला तरी वाटायचं. कापड स्कॅन करून त्याचा एक चौकोन घ्यायचा, त्याच्या कडा सरकवून मध्ये आणायच्या, तिथे जो सांधा दिसतो तो पुसायचा. मग तोच चौकोन फरशीसारखा हवा तितका लावत जा, जोड म्हणून सापडत नाही. गिऱ्हाइकं जोड शोधत बसायची आणि मी गालातल्या गालात हसायचे.

आई गेली तेव्हा तिचा एकटीचा एकही फोटो घरात नव्हता. मावसबहिणीच्या लग्नातल्या घोळक्यातून मी तिला कापून काढलं. मागे मांडवाचा पडदा होता, तो ठेवण्यासारखा नव्हता. तेरवीला फोटो लावायचा होता. बाबांनी तिचं कोयऱ्यांचं निळं पातळ घडी करून माझ्या हातात दिलं.

"हे तिच्या मांगं लाव. कपडे नदीवर सोडा लागतात. फोटोत तरी हे राहीन."

मी वरची घडी स्कॅन केली आणि पातळ परत दिलं. त्या चौकोनात नेमकं एक रफू होतं, बोटभर, जाड पांढऱ्या दोऱ्याचं. चौकोन पसरवला तर आईच्या मागे रफूच रफू, देवीचे वण उठल्यासारखं. मला लाज वाटली. इतक्या माणसांपुढे आईला फाटक्यात कसं उभं करायचं? शेजारची एक कोयरी उचलून मी त्यावर बसवली, दोरा न दोरा झाकला. दर वेळी जुन्याच फाईलवर नवं काम सेव्ह करत गेले. मधल्या दिवसांत पातळ नदीवर गेलं. इतकं साफ काम मी आयुष्यात केलं नव्हतं.

तेरवीला माणसं फोटोपुढे थांबत होती, पातळ ओळखत होती. खोटं कशाला बोलू, त्या दुःखातही मला बरं वाटत होतं. पंगती उठल्यावर बाबा फोटोजवळ गेले. काचेवरून बोट फिरवत काहीतरी शोधत राहिले.

"रफू कुठी गेलं वं बाई?"

"काढलं मी. खराब दिसे, बाबा."

बाबांनी काचेवरचं बोट काढलं. मग म्हणाले, "पातळ त गिरणीचं होतं. तिच्या हातचं तेवढंच होतं त्याच्यात." आणि थोड्या वेळाने, "पाहून पाह्य ना, वापस येते का थे."

दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन मी फाईल उघडली. जुनं काही उरलंच नव्हतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. पांढऱ्या रेघा ओढून मीच रफू घालून पाहिलं, मुद्दाम वाकडं केलं, जाड केलं. आईसारखा एक टाका जमला नाही. गिऱ्हाइकांसमोरच रडू फुटलं.

घरी येऊन सांगितलं, "कॉम्प्युटर बिघडला, बाबा."

"बरं," ते म्हणाले, आणि पुन्हा कधी विचारलं नाही. रोज सकाळी ते तो फोटो पुसायचे. त्यांचं बोट काचेवर थांबलं की मी आत निघून जायचे. खरं सांगायला मला ते जाईपर्यंत जमलं नाही.