कलेजीची बिस्किटं

दादाची बायपास नागपूरला करायची ठरली, तेव्हा त्याचा कुत्रा आमच्याकडे अमरावतीला येणार हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. मला कोणी विचारलं नाही. दादा माझा मोठा भाऊ. वीज खात्यातून निवृत्त झालेला आणि वहिनी गेल्यापासून अकोल्यात एकटाच राहणारा. बार्शीटाकळीच्या रस्त्यावर सापडलेलं एक तांबूस गावठी पिल्लू त्याने घरी आणलं होतं. आता ते चांगलं दांडगं झालं होतं. दादा त्याला 'पोरगा' म्हणायचा, त्यामुळे त्याचा खरा मुलगा फोनवर विचारायचा, "बाबा, कोणता पोरगा?"

तो खरा मुलगा पुण्याहून आला आणि दादाला गाडीत घालून निघाला. नागपूरला जाताना वाटेत ते आमच्या दाराशी थांबले. दादा सावकाश उतरला आणि पट्टा माझ्या हातात दिला.

"बाई, याचे नखरे लय हायेत. जेवला का नाई, रोज मले सांगजो."

"सांगतो. तू तुझ्या तब्येतीचं पाय," मी म्हटलं.

गाडी गेली तसा कुत्रा फाटकाकडे तोंड करून बसला. बाहेर मे महिन्याचं ऊन होतं. मी त्याला ओढत आत आणलं, तर तो हॉलमधल्या दिवाणाखाली जाऊन पडला. पाणी प्यायचा, पण खायला तयार नव्हता. पोळी दिली, दूधभाकरी दिली, उकडलेलं अंडं दिलं. प्रत्येक वेळी मान पुढे करून वास घ्यायचा आणि सभ्य पाहुण्यासारखा मागे सरकायचा. ह्यांनी दुकानातून कुत्र्यांच्या खाऊचं पाकीट आणलं. त्याचीही तीच गत.

"एवढ्या पैशात काजूकतली आली असती," हे म्हणाले, "आन् मी खाल्ली तरी असती."

मी दादाला फोन लावला. "तिकडे काय खात होता रे हा?"

"माह्या ताटातलं. मी जेवतो, त्याच्याकडे घास टाकतो, मंग थो खाते. काहून? खाल्लं नाई काय?"

"खाईल," मी म्हटलं. त्याच्या आवाजात एकदम काळजी उतरलेली मला ऐकू आली. ऑपरेशनच्या तोंडावर माणसाने असं काळजीत असू नये.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी तोंड, पोट, सगळं तपासलं. "आजार काही नाही मॅडम. मालकाची आठवण काढून राहिला. पण या उन्हात फार उपाशी ठेवू नका. कांदा, लसूण, मीठ टाळा. बाकी घरी काही कडक, वासाचं करून पाहा."

घरी येताना मला माळ्यावरचा ओव्हन आठवला. तो जुना गोल अॅल्युमिनियमचा, झाकणाला काच असलेला. मुलं लहान असताना मी त्यात नानकटाई करायचे. मुलं मोठी झाली, दूर गेली आणि ओव्हन वर गेला. ह्यांनी स्टुलावर चढून तो काढला, पुसला आणि म्हणाले, "चालू झाला तर नशीब."

चालू झाला. पहिल्यांदा मी कणकेत केळं कालवून बिस्किटं केली. कुत्र्याने एक तोंडात धरलं, अंगणात नेलं आणि तुळशीच्या कुंडीत पुरून आला. मग ज्वारीचं पीठ आणि उकडलेलं कोहळं घेऊन केली. ती त्याने चाटली, पण मऊ पडली म्हणून की काय, जमिनीवर तशीच सोडली. ह्यांनी त्यातलं एक चहात बुडवून खाल्लं आणि बरं आहे म्हणाले. तेवढाच काय तो खप.

दादाच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी कोंबडीवाल्याकडून कलेजी आणली. घरात रविवारी चिकन व्हायचं, पण कलेजी मला कधी आवडली नाही. ती उकडली, पाट्यावर वाटली, ज्वारीच्या पिठात अंडं घालून मळली आणि वाटीने गोल कापून ओव्हनमध्ये लावली. घरभर असा वास सुटला की हे पेपर घेऊन बाहेरच्या ओसरीत जाऊन बसले. आणि बिस्किटं अर्धी भाजली असतील नसतील, तर लाईन गेली.

कूलर थांबला, पंखा थांबला. माझा घाम आणि डोळ्यातलं पाणी एक झालं. इतके दिवस धरून ठेवलेलं सगळं तिथेच, ओट्याला टेकून, बाहेर पडलं. दादाचं काही वाईट झालं तर, या विचाराला मी तोपर्यंत वाचाच फोडली नव्हती. झाकण न उघडता मी तशीच उभी राहिले. बऱ्याच वेळाने लाईन आली, तेव्हा ओव्हन पुन्हा आपोआप तापायला लागला. मीही तो बंद केला नाही. दोनदा भाजून बिस्किटं टोस्टसारखी कडक झाली, कडेने थोडी काळी.

ती ताटात काढत होते, तेव्हा फरशीवर नखांचा आवाज आला. कुत्रा दिवाणाखालून निघून स्वयंपाकघराच्या दारात येऊन बसला होता. मी घाईने एक बिस्कीट फुंकून गार केलं आणि खाली ठेवलं. त्याने वास घेतला. मग कुर्रकन तोडलं.

मी ओरडले, "अहो, या इकडे, खाल्लं त्यानं!"

हे धावत आले. आम्ही दोघं तिथेच खाली बसलो. मी दादाला फोन लावला आणि काही न बोलता कुत्र्याच्या तोंडाशी धरला.

"हा आवाज कायचा?" दादा म्हणाला.

"तुह्या पोरग्याचा. कलेजीचं बिस्कीट खाऊन राहिला."

मग दादा म्हणाला, "बरं झालं बाई. आता झोप लागते मले."

ऑपरेशन नीट पार पडलं. भाच्याचा फोन आला, तेव्हा मी दुसरा घाणा लावत होते. "बाबा शुद्धीवर आले, पाणी मागितलं," एवढंच तो बोलला आणि रडला. मीही रडले, पण ते वेगळं रडणं होतं.

दवाखान्यातून सुट्टी मिळाल्यावर दादा काही दिवस आमच्याकडे राहिला. कुत्रा त्याच्यावर झेप घेईल म्हणून आम्ही पट्टा घट्ट धरून ठेवला होता. पण तो हळूच गेला, दादाच्या पायांवर हनुवटी ठेवली आणि तसाच पडून राहिला. दुपारी पाहते तर दादा डब्यातलं बिस्कीट खात होता.

"दादा! ते त्याचं आहे! कलेजी हाय त्यात!"

"म्हूनच म्हणलं चव हाय. फक्त मीठ नाई टाकलं तू."

"त्याले मीठ चालत नाई."

"मलेबी बंद केलं डॉक्टरनं," दादा म्हणाला आणि छातीवर उशी दाबून धरून हसायला लागला. ऑपरेशननंतर हसताना-खोकताना अशी उशी धरायला सांगितलेलं असतं. हे हसले, मी हसले. कुत्रा एकेकाच्या तोंडाकडे पाहत राहिला.

भाचा त्या दोघांना अकोल्याला घेऊन गेला, तेव्हा गाडीच्या मागच्या सीटवर कुत्रा दादाच्या मांडीवर डोकं टेकून बसला होता. गाडी वळणावर दिसेनाशी झाली. मी आत आले, कूलरमध्ये पाणी भरलं आणि त्याच्यासमोर चटई टाकून आडवी झाले. हे म्हणाले, चहा टाकू का? मी नको म्हटलं. जाग आली तेव्हा बाहेर ऊन उतरलं होतं.