आनंदाचा नकाशा आणि खडेमीठ

माझ्या साडूंइतका घाबरट माणूस अख्ख्या मुळशी तालुक्यात दुसरा झाला नसेल. फोनवर त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं, "साडूभाऊ, घाबरू नका." पुढे ते वांग्यांचा भावच विचारायचे, पण तोवर आम्ही घाबरून बसलेलो असू. लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा यांनी बायकोकडे बघायचं सोडून मांडवाचा बांबू हलतोय का ते पाहिलं. अशा माणसानं संशोधनाला विषय घ्यावा तो आनंदाचा! मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात, त्यातल्या काही निरोपांना न्यूरोपेप्टाइड म्हणतात आणि निरोप आत घेणारं दार म्हणजे रिसेप्टर. बक्षीस मिळालं की मेंदूचा जो भाग सुखावतो, त्यात ही दारं नेमकी कुठं आहेत, याचा नकाशा त्यांना काढायचा होता. तीन वर्षं ते उंदरांच्या मेंदूचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काचपट्ट्यांवर लावत होते. काप गोठलेलेच राहायला हवेत. वितळले की दारं मोडली, नकाशा गेला आणि पीएचडीही गेली.

लोडशेडिंगच्या दिवसांतली गोष्ट. एका दुपारी फोन आला, "साडूभाऊ, घाबरू नका. तुमचा फ्रीजर रिकामा करा." प्रयोगशाळेतला फ्रीजर बंद पडला होता आणि जवळचं घर आमचं, पौडचं. मांडीवर थर्माकोलची पेटी घेऊन ते सहाआसनी रिक्षातून आले. पेटी आत ठेवली आणि दहा मिनिटांत लाईट गेली, ती चार तासांसाठी. आमच्या फ्रीजचं दार धड बसायचं नाही. साडूंचे ओठ पांढरे पडले. इतकी वर्षं मी त्यांना हसत आलो, पण त्या दिवशी मीही घाबरलो.

कोपऱ्यावरच्या ढाब्यापाशी कोकणातून ताम्हिणी घाटानं येणारा मासळीचा टेम्पो थांबतो, हे मला आठवलं. पेटी घेऊन दोघेही धावलो.

"काय हाय ह्यात?" ड्रायव्हरनं विचारलं.

"मेंदू," साडू म्हणाले.

"कुणाचा?"

"उंदरांचा." खोटं बोलायचीही त्यांना भीती वाटायची.

"आन ह्ये माझ्या सुरमईत ठिवू व्हय? गिऱ्हाईक फिरकंल का?" पण मग त्यानं साडूंच्या तोंडाकडे पाहिलं, एक रिकामा क्रेट काढला आणि त्यात बर्फ फोडून घातला. "नुस्त्या बर्फानं न्हाई भागायचं, सायेब. खडेमीठ टाका. कुल्फीवाला काय करतो, ठावं न्हाई का?"

मिठानं बर्फ आणखी थंड होतो, हे शाळेतल्या पोरालाही येतं. आमचे शास्त्रज्ञ भीतीपायी विसरले होते. ढाब्यातून मीठ आणलं. मग पेटीभोवतीचा बर्फ पुरेसा गार आहे ना, हे बघायला साडू त्यात बोटं घालून बसले. बोटं निळी पडली तरी काढेनात. "येईल ना हो लाईट?" दर पाच मिनिटांनी विचारत. मी "येईल" म्हणत होतो, पण डोळे माझेही ढाब्यातल्या बंद दिव्यावरच होते.

लाईट आली. पण काप वाचले की नाही, ते फिल्मवर हळूहळू नकाशा उमटल्याशिवाय कळणार नव्हतं. पुढे दोन महिने साडूंचा फोनच नाही. मग एका सकाळी आला. "घाबरू नका" नाही, काही नाही, नुसता हुंदका. काप गेले, असंच मी धरून चाललो.

"दिसले रिसेप्टर, साडूभाऊ. एका कडेला, दाटीनं, काळ्या तिळांसारखे." मग म्हणाले, "भीती वाटली की आनंदाचा हाच भाग जागा होतो म्हणे. म्हणजे माझं अगदीच चुकत नव्हतं."

आता ते दूर परदेशात असतात. मोठे झालेत. फोन अजूनही "घाबरू नका"नंच सुरू होतो आणि काही झालेलं नसतं, हे मला पक्कं ठाऊक असतं. तरी मी जरासा घाबरून घेतो. तिकडे त्यांच्या जोडीनं घाबरणारं कोण असेल?