आंतरराष्ट्रीय स्टिकला खोबरेल

मी आजवर केलेल्या गोंधळांची रांग लावली, तर ती आमच्या सुरतेतल्या पर्वत पाटियाच्या सिग्नलपासून थेट भेस्तानपर्यंत जाईल. पण रांगेत सगळ्यात पुढे, छाती काढून उभा असेल तो या दसऱ्याचा गोंधळ. चहा ओतून घ्या आधी. मग सांगते.

सुरुवात झाली एका हनुवटीपासून. त्या हनुवटीनं माझी झोप उडवली होती.

हनुवटी जयश्रीताईंची. जयश्रीताई म्हणजे आपल्या खानदेशातल्या, भारताकडून हॉकी खेळलेल्या. फॉरवर्ड! म्हणजे समोरच्यांच्या गोलात घुसून गोल मारायचं काम यांचं. त्या गावात सराव करायच्या तेव्हा समाजाचं म्हणणं होतं, पोरीच्या जातीला हे असं पळणं शोभतं का? मग गळ्यात पदक आलं आणि शोभतं, हे समाजाला एका रात्रीत कळलं. आमच्या इथल्या खानदेशी मंडळानं तर दसऱ्याला त्यांचा सत्कारच ठेवला. 'समाजकन्या' असं बॅनर लागलं. त्यावर अध्यक्ष आबांचा फोटो दाराएवढा, ताईंचा आधार कार्डाएवढा, आणि कोपऱ्यात दोन बॅटी. क्रिकेटच्या!

आदल्या दिवशी, नवमीला सकाळी, ताईंनी लिंबायतच्या मैदानावर पोरींचा सराव घेतला. त्यात आमची रेवा. वय दहा, वजन दप्तराएवढं. मी अर्थातच मैदानाच्या कडेला पाण्याची बाटली, नॅपकिन, ग्लुकोज, बँडेज असा दवाखाना मांडून बसले होते. सराव संपल्यावर ताई जवळ आल्या आणि मला त्यांच्या हनुवटीवरची खूण दिसली.

"हे काय झालं होतं हो?"

"चेंडू लागला होता. टाके पडले."

"आणि हे बोट?"

"ते दुसऱ्या मॅचमध्ये. दात बघायचाय? हा खोटा आहे."

बाई हे असं सांगत होत्या, जणू घरात लोणची किती प्रकारची आहेत ते सांगताहेत! वर म्हणाल्या, "तुमच्या रेवाचे पाय भारी आहेत. उद्या सत्काराआधी पोरींना गोलवर फटके मारायला लावणार आहे, तेव्हा बघते. जमलं तर आमच्या क्रीडा वसतिगृहात पाठवाल?"

वसतिगृह! मुलीला अजून केसांची गाठ सुटत नाही आणि ही वसतिगृहात जाणार? तिथे हनुवटी, बोट, दात, सगळं एकेक करून देऊन येणार?

त्यावर कहर म्हणजे ताईंनी स्वतःची स्टिक रेवाच्या हातात दिली. "आज घरी ने. वजनाची सवय होऊ दे. उद्या घेऊन ये."

आता आमच्या घराबद्दल सांगायला हवं. माझा नवरा भेस्तानला लूमच्या कारखान्यात मास्टर. सासरेही लूमवरच होते. लूमवाल्या घरात खंडेनवमी म्हणजे अवजारावर नुसतं फूल वाहणं नव्हे. आधी अवजार धुवायचं, मळ काढायचा, तेल पाजायचं, मग हळदकुंकू. पाना, पकड, कात्री, माझं शिलाई मशीन, सगळं पाटावर. मी एम. कॉम. आहे, पण गेल्या वर्षी नवऱ्याच्या लॅपटॉपलाही कुंकू लावलंय. शिक्षण शिक्षणाच्या जागी!

दुपारी पूजा मांडली. कोपऱ्यात ताईंची स्टिक. सासूबाई म्हणाल्या, "त्या पोरीचं पोट त्या काठीवर चालतं ना? मग ठेव पाटावर."

मी स्टिक उचलली. मुठीला काळपट पट्टी गुंडाळलेली, आणि हात लावला तर काय? चिकट! तुम्हीच सांगा, देशासाठी खेळलेली बाई, आणि मुठीवर हा चिकटा? किती वर्षांचा घाम असेल! कोणी लक्षच देत नाही हो खेळाडूंकडे. मला बाईची दया आली.

मग मी बसले. भांड्यांची पावडर, गरम पाणी, काथ्या. घासघास घासली. पट्टी कोरडी झाल्यावर खोबरेल घेतलं. तेल चोळता चोळता मनातल्या मनात म्हणत होते, देवा, माझ्या रेवाच्या दातांना सांभाळ. चोळलं. हनुवटीला सांभाळ. आणखी चोळलं. बोटांना सांभाळ. दहा बोटं असतात माणसाला! तेल संपलं तेव्हाच मी थांबले. मूठ अशी चकाकत होती, की नवरा म्हणाला, "माझ्या लूमला एवढं तेल कोणी दिलं नाही कधी."

रेवा त्या दिवशी शाळेच्या गरब्याच्या तयारीत होती, तिनं बघितलंच नाही. दसऱ्याला सकाळी स्टिक पाटावरून उतरवली, कुंकू पुसलं, आणि जपून साडीच्या लांब कव्हरमध्ये घातली. सुरतेत आहोत, कव्हरांना काय तोटा? ते कव्हर मी स्वतः ताईंच्या हातात दिलं. त्या हसल्या. "एवढी बडदास्त!"

मी लाजून म्हटलं, "आमच्याकडे अवजाराचा मान ठेवतात."

कार्यक्रम सुरू झाला. पहिला फटका ताईंनी मारायचा, मग पोरींनी, असं ठरलं होतं. तेवढ्यात आबांना हुक्की आली. पांढरी सफारी, डोक्याला फेटा, असे ते थेट गोलपोस्टमध्ये जाऊन उभे राहिले आणि फोटोवाल्याला म्हणाले, "समाजाच्या लेकीचा गोल समाजाचा अध्यक्ष अडवणार! काढ फोटो!" अध्यक्षांना काही होऊ नये म्हणून टेनिसचा चेंडू आणला. ताईंनी स्टिक कव्हरमधून काढली, दोन पावलं धावल्या आणि फटका मारला.

चेंडू जागचा हलला नाही. स्टिक सुटली!

गरगरत आबांच्या फेट्यावरून गेली आणि मागच्या बॅनरमध्ये घुसली. नेमकी आबांच्या गालात.

आणि मग टाळ्या! कडकडून टाळ्या! आबा माइक मागवून म्हणाले, "परदेशात असाच मारतात! याला इंटरनॅशनल स्टाइल म्हणतात!" मागून कोणी ओरडलं, "वन्स मोअर!"

ताईंनी स्टिक उपसून आणली. पुन्हा फटका. या वेळी स्टिक सत्काराच्या टेबलावर. नारळ एकीकडे, शाली दुसरीकडे. लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. हॉकी कोणाला कळत होती? ज्यांनी ताईंची एक मॅच पाहिली नव्हती, ते शेजाऱ्याला समजावत होते, "मनगट बघ, मनगट!"

ताईंनी मात्र आपला तळहात नाकाशी नेला. हुंगला. आणि हळूच माझ्याकडे बघितलं.

"वहिनी, याला खोबरेल लावलंय?"

"हो... पूजा होती... मूठ फार चिकट झाली होती तुमची, म्हणून आधी घासूनही काढली."

"वहिनी, ती चिकट असावी लागते. सुटू नये म्हणून."

माझ्या पायाखाली लिंबायतचं मैदान उरलं नाही. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "हाई काय करी टाकं व माय!"

नवरा कानाशी येऊन म्हणाला, "खरं सांग, मुद्दाम केलंस ना? पोरीला पाठवायचं नाही म्हणून?"

"शप्पथ नाही!"

शप्पथ घेतली खरी. पण मनात शंकेची पाल चुकचुकलीच. एवढं तेल भक्तीनंच लावलं होतं का मी? आपल्यालाच आपला भरवसा नसेल तर नवऱ्यानं का ठेवावा?

तेवढ्यात रेवाचा नंबर आला. "दुसरी स्टिक घे," ताई म्हणाल्या. मलाही वाटलं, घे, नाहीतर नकोच मारू, डोकं दुखतंय म्हण, घरी जाऊ. पण ही पोरगी ताईंचीच स्टिक घेऊन खाली बसली, मूठभर माती घेतली आणि त्या आंतरराष्ट्रीय मुठीला कचकचून फासली. मी केलेली घासघास, माझं खोबरेल, सगळ्याचा चिखल. मग उठली आणि मारला फटका. चेंडू आबांच्या दोन पायांमधून गोलात! आबा अजून फोटोवाल्याकडे बघून हसत होते.

ताईंनी तिला खांद्यावर उचललं. "वहिनी, ही माझ्याकडे येणार."

मग मी सुरू झाले. दूध गरम मिळतं का? खोलीत मुली किती? ताप आला तर कोण बघतं? दात पडला तर? ताई शांतपणे एकेका प्रश्नाला उत्तर देत होत्या. रेवा खाली उतरून माझ्या शेजारी उभी राहिली, मान खाली, माझ्या ओढणीचं टोक हातात घट्ट धरून. बघा, मी मनात म्हटलं, माझी पोर! आईला सोडून राहायचं म्हटल्यावर जीव कासावीस झाला बिचारीचा. (ती माझ्या ओढणीला हातांचं तेल पुसत होती, हे घरी आल्यावर डाग बघून कळलं.)

ताईंनाही तसंच वाटलं असावं. त्या तिच्यासमोर गुडघ्यावर बसल्या आणि मायेनं म्हणाल्या, "घाबरू नको हं. महिन्यातून एकदा मम्मीकडे यायला सुट्टी मिळते."

रेवानं वर बघितलं. चेहरा खरंच काळजीनं उतरला होता.

"ताई, यावंच लागतं का?"