दिलीपला ऐकू येत होतं

माझ्या मुलाला ऐकू येत होतं आणि तो बहिरा आहे असं सांगून मी त्याला मूकबधिरांच्या शाळेत घातलं. हे अजाणतेपणी झालं नाही. मुंबईच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, ते मला नीट समजलंही होतं, आणि त्यानंतर मी हे केलं. ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांनी हे वाचावं म्हणून लिहितो आहे.

दिलीप तेव्हा पाच वर्षांचा होता. मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात, बाहेरच्या बाकावर सकाळभर बसल्यानंतर आमचा नंबर लागला. दिलीप खोलीत शिरला तो सरळ फरशीवर बसला आणि घरून आणलेलं स्टीलचं झाकण फिरवू लागला. डॉक्टरांनी त्याला तीनदा नावाने हाक मारली. त्याने मान वळवली नाही. मग डॉक्टरांनी टेबलाखाली बिस्किटाच्या पुड्याचा कागद हळूच चुरगाळला. दिलीप उठून त्यांच्याजवळ गेला आणि हात पुढे केला.

"याला ऐकू येतं," डॉक्टर म्हणाले. "तुमच्या-माझ्यापेक्षा जास्तच येत असेल. याला ऑटिझम म्हणतात."

तो शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. त्यांनी समजावून सांगितलं ते असं. हे मूल स्वतःतच असतं. माणसांकडे बघत नाही, हाकेला ओ देत नाही, एकच एक गोष्ट करत राहतं. त्याला आवाज, उजेड, स्पर्श सोसत नाहीत. तो मंदबुद्धी आहे असं लगेच धरून चालू नका, आणि बहिरा तर नाहीच.

मी औषध विचारलं. नाही म्हणाले. शाळा विचारली. "सोलापुरात? मला मुंबईतसुद्धा नाव सांगता येणार नाही. घरात त्याच्याशी बोलत राहा. उत्तराची वाट बघू नका, नुसतं बोलत राहा."

मग ते कुसुमकडे, माझ्या बायकोकडे वळले. "बाई, हे मूल तुम्हाला हवं होतं ना? लहानपणी जवळ घेत होता ना?"

आईने माया केली नाही की मूल असं होतं, असं पुष्कळ डॉक्टर मानतात. कुसुमने पदर सावरला आणि ती उठली. ती परत कधी त्या रुग्णालयाची पायरी चढली नाही. मी शेजारच्या खुर्चीवर बसलो होतो. तिच्या बाजूने एक शब्द बोललो नाही. माझ्या चुकांची सुरुवात तिथूनच धरायला हरकत नाही.

मी गिरणीच्या टाइम ऑफिसात कामगारांची हजेरी लिहिणारा कारकून. आमचं घर सोलापूरच्या विणकरांच्या पेठेत, भिंतीला भिंत लागून. पलीकडे राजम्माकाकूंचा माग. त्या तेलुगू घरातल्या, नवरा गेल्यावर स्वतःच चादरी विणायच्या. दिलीप चालायला लागल्यापासून दुपारी त्यांच्या मागाशेजारी बसायचा. सुताचा धोटा इकडून तिकडे जाताना बघत राहायचा. त्या वेळात कुसुम पाठ टेकायची. काकूंचं तोंड मागापेक्षा जास्त चालायचं. "काय बे दिलप्या, जेवलास का? आईने काय केली होती भाजी? सांगत न्हाय व्हय? ऱ्हाऊ दे. मला वास आला की." तो उत्तर द्यायचा नाही. त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं.

डॉक्टरांनी जे औषध लिहून दिलं नव्हतं ते भिंतीपलीकडे रोज मिळत होतं. हे आज लिहिता येतं.

पण दिलीपला कुठली शाळा घेईना. बालवाडीच्या बाईंनी तिसऱ्या दिवशी परत पाठवला. नगरपालिकेच्या शाळेत पहिल्याच तासाला तो बाकाखाली गेला आणि घंटा वाजल्यावर इतका ओरडला की मला ऑफिसातून बोलावणं आलं. गल्लीतली पोरं त्याला येडा म्हणत, खडे मारत. आमच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याची मुलगी जन्मतः बहिरी होती. ती गणवेश घालून, दप्तर घेऊन मूकबधिरांच्या शाळेत जायची. लोक तिच्याबद्दल हळहळायचे, तिच्या बापाला आदराने विचारायचे. मला त्या माणसाचा हेवा वाटू लागला. दुसऱ्याच्या मुलीच्या बहिरेपणाचा हेवा.

मी दिलीपला सोलापुरातल्याच कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. मुंबईच्या तपासणीबद्दल काही सांगितलं नाही. त्यांनी त्याच्या पाठीमागे लहानशी पितळी घंटा वाजवली. दिलीप झाकण फिरवत होता. पुन्हा वाजवली. त्याने मान वळवली नाही.

"घरी आवाजाला दचकतो का?" त्यांनी विचारलं.

गिरणीचा भोंगा झाला की हा पोरगा दोन्ही कान दाबून कोपऱ्यात बसायचा. गुळाच्या डब्याचं झाकण उघडलं की अंगणातून पळत यायचा. मी म्हणालो, "नाही."

कुसुमने माझ्याकडे पाहिलं. बाहेर आल्यावर ती एवढंच म्हणाली, "अहो, त्याच्यासमोर बोललात तुम्ही हे."

बहिरेपणाचा दाखला मिळाला आणि त्यावर मूकबधिरांच्या शाळेत प्रवेश मिळाला. मुख्याध्यापिका बाई चांगल्या होत्या, हे मला लिहिलंच पाहिजे. त्यांनी नियम सांगितला, घरी मुलाशी समोर बसूनच बोला, त्याला तुमचे ओठ दिसले पाहिजेत. बहिऱ्या मुलासाठी ते बरोबरच होतं. दिलीप कुणाच्या तोंडाकडे बघायचाच नाही. मी त्याची हनुवटी धरून समोर बसवायचो, तो डोळे मिटून घ्यायचा. हळूहळू समोरचं बोलणं थांबलं. पाठीमागचं मी थांबवलं. शाळेतल्या एक बाई पुढच्याच गल्लीत राहायच्या. दिलीप हाकेवर येतो हे त्यांच्या कानावर गेलं असतं तर जागा गेली असती. म्हणून कुसुमला सांगितलं, त्याला हाक मारायची नाही, पाठीमागून बोलायचं नाही. ती स्वयंपाक करताना गुणगुणायची, तेही बंद केलं.

राहिल्या राजम्माकाकू. त्यांना मी सांगितलं की दिलीपला ऐकू येत नाही, डॉक्टरांचा दाखला आहे, उगाच लोकांसमोर त्याच्याशी बोलू नका.

"कुणाला ऐकू येत न्हाय?" त्या म्हणाल्या. "माझा माग थांबला की पोरगं दारात येऊन उभारतंय. सगळं ऐकायलंय की ते. तुमच्या डॉक्टरचेच कान तपासून आणा."

मी आवाज चढवला. विधवा बाईने दुसऱ्याच्या घरात नाक खुपसू नये, असं म्हणालो. गल्लीने ऐकलं. त्यांनी हातातला धोटा खाली ठेवला आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून दिलीप त्या बंद दाराला कपाळ टेकून उभा राहायचा. मी त्याला ओढून आणायचो.

शाळेला देणगीत काही यंत्रं मिळाली. हिअरिंग एड, म्हणजे ऐकण्याचं यंत्र. छातीवर पट्ट्याने बांधायची डबी, तिच्यातून वायर निघून कानात. बारीक आवाज मोठा करायचं तिचं काम. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांच्यासाठी ती देणगीच होती. एक दिलीपला मिळालं.

पहिल्या दिवशी तो इतका किंचाळला की आवाज बसला. बाई म्हणाल्या, नवीन मुलं असंच करतात, घरी सवय लावा. मी सवय लावली. त्याने वायर उपटली की चापट मारायची. कानावर हात नेला की हातावर मारायचं. असं करत तो शिकला. मी शिकवलेली ती एकच गोष्ट तो पूर्ण शिकला.

एका रविवारी, तो झोपला असताना, मी ते यंत्र स्वतःच्या कानात घातलं. शेजारी माग चालू होता. तो खटका माझ्या डोक्याच्या आत बसला. कुसुमने भांडं ठेवलं, मी जागेवरून उठलो. बांगड्या, चप्पल, कागद, सगळं एकदम आणि सारख्याच जोराने. चहा निवायच्या आत मी ते काढून टाकलं.

सोमवारी सकाळी मी तेच यंत्र दिलीपच्या छातीवर बांधलं.

इथे मला कुणी विचारेल, का? जागा जाईल म्हणून. गणवेश घातलेल्या मुलाचा बाप म्हणून मला लोक नमस्कार करू लागले होते. याहून मोठं कारण शोधूनही सापडत नाही.

शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलं ओळीने मांडी घालून बसली होती. शाळा गिरणीजवळच होती. पाहुण्यांचं भाषण चालू असताना भोंगा झाला. मुलं तशीच बसून होती. दिलीपने कानावर हात नेले नाहीत. त्याने दोन्ही हात मांडीखाली घातले आणि त्यांच्यावर घट्ट बसला. चेहरा पांढरा पडला होता. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि आवाज मात्र काहीच नव्हता.

मुख्याध्यापिका बाई उठून त्याच्याजवळ गेल्या. त्यांनी त्याच्या कानातली वायर काढली, आपल्या कानाला लावली आणि माझ्याकडे पाहिलं. कार्यक्रम संपल्यावर म्हणाल्या, "तुम्हाला माहीत होतं."

मी मान खाली घातली.

"मोहोळची एक मुलगी या जागेसाठी थांबली आहे. तिला खरंच ऐकू येत नाही. तिची दोन वर्षं कोण भरून देणार? याला इथे ठेवता येत नाही म्हणून मला वाईट वाटतंय. तुमच्याबद्दल काय वाटतंय ते मी बोलत नाही."

त्या दिवसापासून दिलीप घरी आहे. आता दहा वर्षांचा आहे. सोलापुरात त्याच्यासाठी शाळा अजून नाही. या मुलांसाठी मदत कुठे मिळते असं कुणी विचारलं तर खरं उत्तर देतो, की दवाखान्यात नाही, कचेरीत नाही. आम्ही विचारत विचारत अशी आणखी दोन घरं शोधली. रविवारी एकत्र बसतो. मुलं आपापल्या कोपऱ्यात असतात, कुणाला लाज वाटत नाही, एक जण मुलांकडे बघतो आणि बाकीचे निवांत जेवतात. एवढंच आहे. हे मला दिलीप पाच वर्षांचा असतानाही करता आलं असतं.

राजम्माकाकूंच्या दारात गेलो. माझं चुकलं म्हणालो. त्या सुताच्या कांड्या भरत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "माझं ऱ्हाऊ द्या. पोराला पाठवा." पण दिलीप आता मागाजवळ बसू शकत नाही. माग सुरू झाला की त्याचे हात मांडीखाली जातात. तो यायचा असला की काकू तेवढा वेळ माग बंद ठेवतात आणि कांड्या भरत त्याच्याशी बोलत बसतात. त्यांचं काम मागे पडतं. मला त्याबद्दल बोलू देत नाहीत.

कुसुमची माफी मागायला गेलो तेव्हा ती तांदूळ निवडत होती. मुंबईपासून सगळं बोललो. तिने ऐकून घेतलं.

"मला काय सांगताय?" ती म्हणाली. "त्याला सांगा. त्याला ऐकू येतं."

दिलीप ओट्यावर भिंतीकडे तोंड करून बसला होता, झाकण फिरवत. मी त्याच्या समोर गेलो नाही, हनुवटी धरली नाही. पाठीमागे, हातभर अंतरावर बसलो. आवाज लहान ठेवला.

"दिलीप," मी म्हणालो, "तुला ऐकू येतं. मला माहीत होतं. मी खोटं बोललो. ते यंत्र मी माझ्या कानात घालून बघितलं होतं, तरी परत तुला बांधलं. तुझ्या हातावर मारलं. माझं चुकलं, बाळा."

झाकण फिरत फिरत आडवं झालं. त्याने ते परत उचललं नाही, आणि मान वळवली नाही. ऐकताना तो मान वळवत नाही, हे मला पहिल्यापासून माहीत होतं.