बारशाला आत्या लागते

ज्या दिवशी आमची मुलगी जन्मली, त्याच दिवशी तिची आई गेली.

मुलगी सकाळी झाली, आई दुपारी गेली. रक्तस्राव थांबला नाही, एवढंच मला सांगण्यात आलं. मी वॉर्डाबाहेर हातात दुपटं घेऊन उभा होतो. माझ्या बहिणीनं जुन्या सुती साडीचं शिवून ते नाशिकहून पाठवलं होतं. इथं दिल्लीतच वाढल्यामुळे बाळाच्या आईला 'दुपटं' हा शब्द ठाऊक नव्हता. पार्सल उघडल्यापासून मात्र ती तो उगाचच वापरायची, तोंडात गोळी घोळवावी तसा.

"आप पति हैं?" नर्सनं विचारलं.

मुनिरक्यातल्या खोलीच्या मालकिणीला मी दोन वर्षं हो म्हणत आलो होतो. नवरा-बायको म्हटल्याशिवाय खोली मिळत नाही. पण दवाखान्यात दाखल होताना तिनं स्वतःच सांगितलं होतं, लग्न झालेलं नाही, बाप हा आहे. "बाळाच्या बाबतीत खोटं नको यार," असं वर मलाच बजावलं होतं. लग्न आम्ही करणारच होतो. मी त्यांच्या जातीचा नाही म्हणून तिच्या बाबांनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं, आणि बाबा आल्याशिवाय लग्न नको हा तिचा हट्ट होता. ते येतील याची तिला खात्री होती.

"मैं बाप हूँ," मी म्हणालो.

"वो ठीक है. लड़की के घरवालों को बुलाइए."

ते आले. तिचे बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत. त्यांचं क्वार्टर आमच्या खोलीपासून एका रिक्षाच्या अंतरावर. दोन वर्षांत ते अंतर कोणी ओलांडलं नव्हतं. बाबांनी सह्या केल्या, तिच्या आईनं बाळ घेतलं. मी दुपटं पुढे केलं. माझ्याकडे न बघता त्यांनी ते घेतलं आणि त्या निघून गेल्या. अग्नी बाबांनी दिला. मी मागे उभा होतो, तिच्याबरोबर स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलांमध्ये.

बाराव्या दिवशी बाळाचं बारसं करतात. आमच्या मुलीच्या बाराव्या दिवशी तिच्या आईचा बारावा होता. मी क्वार्टरवर गेलो. तिच्या बाबांनी दार अर्धंच उघडलं.

"तुमचं इथं काय आहे?"

"मुलगी."

"सिद्ध करा," ते म्हणाले आणि दार लागलं.

म्हणून वकीलबाईंकडे गेलो. लग्नाबाहेर जन्मलेल्या मुलाची पालक आधी आई, आईनंतर बाप, असं त्यांनी समजावलं. कायदा तुमच्याच बाजूचा आहे, म्हणाल्या. मग अडतंय कुठं, मी विचारलं. बाप तुम्हीच हे आधी कोर्टाला पटलं पाहिजे, त्या म्हणाल्या. तपासणी, हरकती, तारखा. तोवर बाळ आजीच्या अंगाखांद्यावर वाढेल, आणि न्यायाधीश विचारतील, तिथं चांगलं चाललंय तर हलवायचं कशाला?

मी नोएडात शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासतो. त्या दिवसांत ओळी डोळ्यांखालून जायच्या, आत काही पोहोचायचं नाही. अर्ज तयार झाला होता. त्यात विरुद्ध पक्ष म्हणून तिच्या बाबांचं नाव होतं. ज्या माणसाची वाट बघत ती थांबली, त्याच्याच विरुद्ध मी सही करायची होती. रोज करू करू म्हणत होतो आणि रोज राहत होतं.

एका संध्याकाळी फोन आला. आवाज थेट तिचाच.

"बाळाची आजी बोलतेय. तिनं नाव काही ठरवलं होतं का?"

"हो."

"आत्ता नका सांगू. बहीण आहे ना तुम्हाला? बारशाला आत्या लागते."

"आहे. नाशिकला."

"महाराष्ट्र मंडळातल्या बायका म्हणतात, आमच्यापैकी कोणीही बसेल आत्या म्हणून. मी म्हटलं, खरी असताना मानलेली कशाला?"

"आणि बाबा?"

"ते पेपर वाचतायत," त्या म्हणाल्या. "मघापासून एकच पान."

बहीण आली. आतल्या खोलीत पाळणा टांगला होता, तिथं बायका. बाहेर खुर्चीवर तिचे बाबा आणि समोर मी. पाळण्यात ते दुपटं अंथरलेलं मला दारातून दिसलं. बहिणीनं वाकून बाळाच्या कानात नाव सांगितलं आणि रिवाजाप्रमाणे बायका तिच्या पाठीत धपाटे घालायला धावल्या.

"पळता कुठं आत्याबाई? सगळ्यांची पाळी झाल्याशिवाय सुटका नाही!"

"घाला, घाला! जोर काढा, दिल्लीत खाता काय तुम्ही?"

त्या घरात बऱ्याच दिवसांनी कोणी हसलं असावं. शेवटी आजी पुढे झाल्या. त्यांनी हात उगारला, बहिणीच्या पाठीवर ठेवला आणि तो तिथंच राहिला. बहिणीनं वळून त्यांना मिठी मारली.

"काय नाव ठेवलं?" बाबांनी मला विचारलं. मी सांगितलं.

"माझ्या आईचं," ते म्हणाले. त्यांनी खुर्ची माझ्याकडे सरकवली. मग म्हणाले, "कोर्टात जाणार आहात म्हणे."

"जावं लागेल. बाप म्हणून माझं नाव लागायला हवं."

"जा. मी आडवा येणार नाही. पण थंडी सरेपर्यंत तिला इथून हलवू नका. तुमच्या खोलीत ऊन येत नाही असं ही म्हणते."

ऊन येत नाही हे खरं होतं. आजी कधी तिथवर येऊन गेल्या होत्या, ते मी विचारलं नाही.

कोर्टानं मला मुलीचा पालक ठरवलं. त्या तारखेला तिचे आजोबा माझ्या शेजारी बसले होते.

मुलगी आता चालते. आठवडाभर ती आजीकडे असते. शनिवार-रविवार माझ्याकडे, खोली बदलली आहे. आजोबा तिला दाराशी आणून देतात, मी घेतो. आम्हा दोघांना बोलायला फारसं काही नसतं. दुपटं विरलं आहे, पण झोपताना तिला तेच लागतं, आणि ते ती 'दुपटं' म्हणूनच मागते. ते ऐकायला तिची आई नाही.